भामाबाई विसरल्या

भामाबाई कुठल्याही दारातून सरळ आत येत नसत. उंबऱ्यापाशी थांबत, पदर खांद्यावर नीट घेत, आतली माणसं आपल्याकडे बघताहेत ना हे पाहत आणि मगच उजवं पाऊल टाकत. किहीमच्या पोस्टातही त्या अशाच येत. त्या उंबऱ्यात दिसल्या की पोस्टमास्तर हातातला शिक्का वरच्या वर धरून ठेवत. मध्येच आपटला, तर बाई बाहेर जाऊन पुन्हा पहिल्यापासून आत येत आणि मागची रांग ताटकळे.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईतलं कॉन्व्हेंटचं शिक्षण संपवून मी मामांकडे राहायला आले होते. मामांच्या नारळीच्या वाडीला लागूनच बाईंचं कौलारू घर होतं. परकर नेसायच्या वयात त्या नाटक कंपनीत शिरल्या, मूकपटांत रडल्या, बोलपट आल्यावर गाऊन रडल्या. एके काळी जाहिरातीत त्यांचं नाव नाटकाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत असे. मग नव्या मुली आल्या.

"मला आई करायला सांगितली," बाई सांगत. "आईचं काही नाही गं. पण मुलगा कोण? तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, डोक्याला टोप लावलेला! त्याला कुशीत कसा घेऊ?"

त्या दिवशी म्हणे त्या स्टुडिओतून निघाल्या त्या थेट इकडे येणाऱ्या रेवसच्या लाँचमध्येच बसल्या.

इथे त्यांना रंगभूमी नव्हती, म्हणून त्यांनी कमळी कोळणीला धरलं. कमळी टोपली उतरवायची, आणि बाई पायरीवर उभ्या राहून एकेक मासा उचलून बघायच्या.

"कमळे, ह्या पापलेटाचे डोळे बघ. काय हा करुण रस! ताजा मासा कसा वीररसात हवा."

"घ्याचा हाय का न्हाय त्या सांगा, बाय," कमळी म्हणे. "मासा रडाया लागला तं मी काय त्याचं डोलं पुसू?"

बाई तोंड फिरवून हसत आणि पापलेट घेत.

एका गोष्टीचा मात्र त्यांना विलक्षण अभिमान होता. "मला जन्मात प्रॉम्प्टर लागला नाही," हे त्या ओळख झाल्याझाल्या सांगत. तापात उभ्या राहिल्या तरी त्यांची नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेची वाक्यं, चोख पाठ असत. समोरच्याचीही पाठ असत. त्यामुळे त्या माघी गणपतीच्या आधी बाई आमच्या ओटीवर आल्या आणि "तुमची भाची मला प्रॉम्प्टर म्हणून हवी" असं म्हणाल्या, तेव्हा मामांचा चहाचा कप ओठांशीच थांबला.

"पण ती तर बोलतच नाही हो कुणाशी," मामी म्हणाली.

"म्हणूनच हवी. हिचा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा जाणार नाही. मराठी वाचता येतं ना गं?"

मी मान हलवली. "बघा," बाई म्हणाल्या, "मानेवरच भागवते."

उत्सवात त्या आपल्या जुन्या कंपनीचं नाटक करणार होत्या. समोर त्यांचे त्या काळचे नायक, दत्तोपंत. ते अलिबागला पुतण्याकडे राहत आणि तालमीला टांग्याने येत. आणि या खेळाला मुंबईहून एक सिनेमाचे निर्माते येणार होते. सगळी गोष्ट आईभोवती फिरते असा चित्रपट त्यांना काढायचा होता. पण बाईंच्या डोक्यात आता काही राहत नाही, असं मुंबईत कुणीतरी पसरवलं होतं. तेव्हा स्वतः बघू आणि ठरवू, असा निरोप त्यांनी पाठवला होता. बाईंनी तो निरोप मला अभिनयासह ऐकवला आणि "येऊ दे, मला काय त्याचं!" म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अंगणात ट्रंकेतल्या साड्या उन्हात पडल्या होत्या.

प्रॉम्प्टरची बातमी गावभर झाली. उत्सवाचे चिटणीस म्हणाले, "म्हणजे मुंबईकर बोलतात ते खोटं नाही." कमळीने मला गल्लीत गाठलं. "बायचं डोस्कं गेलं का गं पोरी?"

पहिल्या तालमीत बाई एका वाक्यानंतर थांबल्या. मी घाईघाईने पुढचा शब्द पुटपुटले. त्या गर्रकन वळल्या.

"मी थांबले होते. विसरले नव्हते. थांबायचे मला पैसे मिळत, बोलायचे तर कुणालाही मिळतात."

मग त्या मला विहिरीपाशी घेऊन गेल्या. आवाज एकदम साधा झाला.

"माझ्याकडे बघायचंच नाही. दत्तोपंतांच्या ओठांवर नजर ठेव. त्यांना विसरायला होतंय. मघाशीही मला दोनदा विचारलं, आज कोणता खेळ म्हणून. पुतण्या म्हणतो, आता त्यांना घराबाहेर सोडायचं नाही. या खेळात निभावलं, तर तोंड बंद होईल त्याचं."

"पण लोक तुम्हाला…"

"म्हणू देत. कुणी विचारलं तर सांग, प्रॉम्प्टर बाईंना लागतो. दत्तोपंतांना स्वतःलासुद्धा कळता कामा नये."

"आणि ते निर्माते?"

"मी उभी राहीन ना त्यांच्यासमोर! त्यांना डोळे आहेत की नाहीत?"

कोळीवाड्यातल्यांना पहाटे होड्या काढायच्या, म्हणून पडदा दिवेलागणीलाच उघडला. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या सूं सूं करत होत्या. पुढच्या रांगेत, खास आणलेल्या खुर्चीवर निर्माते बसले होते. शेजारी दत्तोपंतांचा पुतण्या, हाताची घडी घालून. मी विंगेत इतकी आक्रसून बसले होते की पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

पहिला अंक बाईंनी खिशात घातला. निर्माते पुढे सरकून बसले.

दुसऱ्या अंकात घर सोडून गेलेला नवरा अनेक वर्षांनी परत येतो. बायको त्याला ओळखते, आणि तो म्हणतो, "मी राहायला नाही आलो. तुला एकदा बघून जायला आलो." दत्तोपंत आले, उभे राहिले, आणि त्यांचे ओठ थांबले.

मी वाक्य सांगितलं. बत्त्यांच्या आवाजात ते विरून गेलं. पुन्हा सांगितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, म्हणजे तिथवर पोचलं होतं, पण दत्तोपंतांपर्यंत नाही. त्यांचा हात कोटाच्या गुंड्या चाचपू लागला. ते बाईंकडे बघत होते, आणि त्या बघण्यात बाईंची काही ओळख नव्हती. पुतण्याने हाताची घडी सोडली. तो उठणार हे मला दिसत होतं.

"अगं बाई!" भामाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "थांबा, थांबा! इथे मी बोलायचं होतं, आणि मीच विसरले!"

मंडपात हशा फुटला. बाईंनी पुढे येऊन हात जोडले. "मायबाप, वय झालं आता. पोरी, सांग गं मला!"

मी सांगितलं. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

"हां!" बाई दत्तोपंतांकडे वळल्या. त्यांचा कोटावरचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. "तुम्ही म्हणणार, मी राहायला नाही आलो. तुला एकदा बघून जायला आलो. असंच ना?"

"असंच," दत्तोपंत म्हणाले. आणि मग पुढचं सगळं भाषण, एकही शब्द न अडखळता, त्या जुन्या खणखणीत आवाजात आलं. हसणारी माणसं डोळे पुसू लागली. पुतण्या पुन्हा टेकून बसला.

निर्माते मात्र उठले. चिटणिसांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि टोपी घालून गेले. मंडपामागे मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. बाई त्या वेळी वाक्याच्या मध्यावर होत्या. त्या थांबल्या. मी तोंड उघडलं नाही. आवाज रस्त्याला लागला, आणि त्या पुढे बोलू लागल्या.

सकाळी मी त्यांच्याकडे गेले. रात्री मुक्कामाला राहिलेले दत्तोपंत ओटीवर चहा घेत होते, गळ्यात कालचाच हार. बाई चमच्याने त्यांच्या कपातली साय काढत होत्या.

"ये पोरी," दत्तोपंत म्हणाले. "काल तू होतीस, मी होतो, म्हणून हिचं निभावलं. भामा, एवढी मोठी नटी तू! नक्कल पाठ नको? परवा कोल्हापूरच्या खेळाला असं चालायचं नाही."

कंपनी मोडून वीस वर्षं होऊन गेली होती. मी बाईंकडे बघितलं. कुणाचा शब्द वरचढ होऊ न देणारी ही बाई आता काय म्हणते, म्हणून.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. त्यांनी चमचा खाली ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "तुम्हीच पाठ करून घ्या आता."

आणि पहिलंच वाक्य त्यांनी चुकीचं म्हटलं. दत्तोपंत खूश होऊन हसले, बोट उगारलं, आणि बरोबर वाक्य त्यांना सांगितलं.