होणाऱ्या व्याह्यांच्या परसातला मालडबा

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. रेल्वेच्या जुन्या मालडब्यांबद्दल माझ्याइतकं जाणणारा माणूस उत्तर गोव्यात दुसरा नाही! तसा प्रयत्नही दुसऱ्या कुणी केलेला नाही, हा भाग वेगळा. पण डब्याचं एक दार दाखवा, मी सांगेन तो मीठ वाहायचा की गुरं. नुसती कडी दाखवली तरी चालेल.

मी श्रीनाथ गावस, राहणार सर्वण, नोकरी डिचोलीला. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढतो. कचेरीत लोकांच्या जमिनी कागदावर लहान करायच्या आणि घरी येऊन मालडबे लहान करायचे, असं माझं आयुष्य गेली अकरा वर्षं चाललं आहे. मुरगावहून घाटावर जाणारी जुनी अरुंद रुळांची लाइन होती ना, तिच्यावर धावलेले डबे मी बनवतो. खेळणी नव्हे! खऱ्या मापांवरून, रिव्हेट न् रिव्हेट मोजून. माझ्याकडे असे तेवीस डबे आहेत. ते दिवाणखान्यात असतात, आणि सत्यवती, म्हणजे माझी बायको, त्याच दिवाणखान्यात उरलेल्या जागेत असते.

चोविसावा मात्र पाच वर्षं अडकून पडला होता. कारण त्याची पाठ! जुने फोटो सगळे बाजूने काढलेले. डब्यासमोर साहेब उभा, हमाल उभे, एका फोटोत तर बकरीसुद्धा उभी. पण डब्याच्या मागे जाऊन फोटो काढावा असं शंभर वर्षांत एकालाही वाटलं नाही. मागच्या पत्र्यावर उभ्या पट्ट्या पाच होत्या की सहा, या प्रश्नाने मी रात्रीचा दचकून उठत असे. मी किती ठिकाणी पत्रं लिहिली, किती निवृत्त गार्डांच्या घरी जाऊन चहा प्यालो! एक जण म्हणाला पाच, एक म्हणाला सहा, आणि तिसऱ्याने मला विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

असो. आता मुख्य गोष्ट. माझी एकुलती एक मुलगी गौरवी आणि कोरगावचा साईश परब एकाच औषध कंपनीत कामाला. चार वर्षं एकमेकांना पसंत. आमची ना नव्हती. पण साईशच्या वडिलांच्या, गोकुळदासांच्या मनात आपल्या नात्यातली दुसरी मुलगी होती. महिनोन्महिने समजूत काढल्यावर ते एवढंच म्हणाले, की मार्चातल्या अमुक रविवारी घर बघायला या, त्या दिवशी काय ते हो किंवा नाही सांगतो.

शनिवारी गौरवी माझ्याजवळ येऊन बसली. ती फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "बाबा, उद्या नाही म्हणाले तर साईश त्यांच्याशी भांडणार नाही. तो तसा नाही. मग सगळं संपलंच." मला गलबलून आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की उद्या माझ्याकडून काही कमी पडणार नाही. सत्यवतीने तर माझ्याकडून देवासमोर शब्दच घेतला. कोरगावात मालडबा हा शब्द काढायचा नाही! मागे एका लग्नात मी भटजींना ब्रेकची रचना समजावत बसलो आणि मुहूर्त टळला, ते ती विसरलेली नाही.

रविवारी सकाळी दहाला आम्ही कोरगावात पोचलो. सगळं कसं अगदी बेताने चाललं होतं. गोकुळदास मोजकं बोलणारे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. त्यांची पत्नी गंगाबाई हसतमुख. चण्याची उसळ झाली, पाव झाले, शिरा झाला. गोकुळदासांनी विचारलं, मी कुठल्या कचेरीत. मी सांगितलं, जमीन मोजणी. ते जरा थांबले आणि "बरां" म्हणाले. मी एकदाही विषय सोडून भलतीकडे गेलो नाही. सत्यवती माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मग मी हात धुवायला मागच्या दारी गेलो.

आणि तिथे तो होता!

फणसाच्या झाडाखाली, विटांच्या ओट्यावर, चाकं काढलेला, अख्खा मालडबा! लाइन बंद झाली तेव्हा साईशच्या आजोबांनी भंगारातून उचलून ट्रकवर घालून आणलेला, हे मला नंतर कळलं. आत काजूबियांची पोती होती. माझ्या अंगावर काटा आला. कारण तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

शहाणा माणूस हात पुसून परत जाऊन बसला असता. मी पण तेच करणार होतो. फक्त पट्ट्या मोजायच्या आणि जायचं. सहा होत्या! आता सहा आहेत म्हटल्यावर दोन पट्ट्यांतलं अंतर नको का? टेप माझ्या खिशात असतोच. मोजलं. मग फोटोत पट्ट्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीवर लाल खडूने आकडा घातला. मग फोटो सरळ यावा म्हणून मधली रेषा हवी, म्हणून डब्याच्या मधोमध दोरी बांधली आणि ती ताणत ताणत वांग्यांच्या वाफ्यावरून, कुंपणावरून नेऊन शेजारच्या गोठ्याच्या खांबाला बांधली. आतून गप्पांचा आवाज येत होता. मी मनाशी म्हणत होतो, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, जी मला सगळ्यांच्या आधी सुचायला हवी होती. विमानतळ झाल्यापासून पेडण्यात, म्हणजे कोरगावच्या तालुक्यात, आपली जमीन रस्त्याला जाईल या धास्तीने लोक डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. आधी येतो टेप. मग तांबडी खूण. मग दोरी. मग नोटीस. हा क्रम तिथल्या पोराबाळांनासुद्धा पाठ आहे. आणि मी मोजणी कचेरीतला माणूस, रविवारच्या दिवशी, कुणाला न सांगता, मागच्या दाराने, पहिल्या तीन पायऱ्या एका दमात चढून मोकळा झालो होतो!

गोठा बाबुराव नावाच्या शेजाऱ्याचा होता. तो कधी येऊन उभा राहिला ते मला कळलंच नाही. त्याने हळूच विचारलं, किती मीटर? मी वहीतून मान वर न करता सांगितलं, दोन मीटर अठ्ठावीस. मग त्याने विचारलं, खंयसून खंय? मी सरपणाच्या ढिगाने झाकलेल्या डब्याच्या खालच्या कडेकडे बोट दाखवून म्हणालो, की इथून तिथपर्यंत सगळं काढावं लागणार, त्याशिवाय नीट अंदाज येत नाही. बाबुराव दोरीकडे बघत मागे सरकला. निघून गेला. माणूस समजूतदार वाटला मला.

थोड्या वेळाने पुढच्या अंगणात माणसं जमल्याचा आवाज आला. मला वाटलं, मुलगी बघायला शेजारीपाजारी आले असतील. मोठी मायाळू माणसं! मी दोरी तशीच ठेवून, हात झटकत, हसतमुखाने आत गेलो.

आत कुणी हसत नव्हतं. दारात, खिडकीत, पायऱ्यांवर माणसंच माणसं. काही बायकांच्या हातात घराची कागदपत्रं होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. गौरवी खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि साईश जमिनीकडे बघत होता. सत्यवतीने माझ्या बोटांवरचा लाल खडू बघितला आणि डोळे मिटून घेतले.

गोकुळदास उभे होते. आवाज अगदी शांत. "पावण्यानू, एकच विचारतंय. तुमी चेडवाच्या गजालीक इलास, काय सरकारच्या कामाक?"

मुलीच्या सोयरिकीला आलो, की सरकारी कामाला! खोटं बोलावं तर काय बोलावं? खरं बोलावं तर देवासमोर दिलेला शब्द! मी सत्यवतीकडे बघितलं. तिने सुटका केल्यासारखा हात हलवला, की बोला आता. मी घसा खाकरून सगळं सांगितलं. मला जुन्या मालडब्यांचा नाद आहे. मी त्यांच्या लहान प्रतिकृती बनवतो. मला फक्त पाठ बघायची होती.

छप्पन्न वर्षांचा सरकारी माणूस आगगाडीचे छोटे डबे करतो आणि त्यासाठी मुलीची सोयरीक चालू असताना परसात दोरी बांधतो, हे त्या खोलीतल्या एकालाही पटलं नाही. खरं सांगायचं तर सांगताना मलाही पटेना.

"फोटो दाखवा बाबा," गौरवी म्हणाली.

मी मोबाइल काढला. आता माझी कला मला वाचवणार होती! माझे फोटो मी फार मन लावून काढतो. डब्यांच्या मागे घाटाचं चित्र, खाली बारीक खडी, रुळांच्या कडेला गवत. फोटो बघून कुणाला डबा लहान असल्याची शंकासुद्धा येऊ नये, यासाठी माझी धडपड असते. आणि ती धडपड किती यशस्वी झाली आहे ते त्याच क्षणी समजलं. मोबाइल हातोहात फिरला. बाबुरावाने एक फोटो मोठा करून बघितला, दुसरा बघितला आणि मोबाइल गोकुळदासांच्या हातात दिला.

"रस्तो न्हय ओ," तो म्हणाला. "रूळ येतत."

अंगणात कुजबुज पसरली. रस्त्याला घराची एक भिंत जाते. रुळांना अख्खी वाडी जाते. कुणीतरी पंचांना फोन लावायला धावलं. सत्यवती उठली. जी बाई अकरा वर्षं माझा नाद सोयऱ्यांपासून लपवत आली, ती वीस-पंचवीस परक्या माणसांसमोर उभी राहून सांगू लागली, की हे डबे आमच्या दिवाणखान्यात आहेत, रोज मी पुसते, माझ्या पोळपाटावर यांनी पत्रे कापलेत, हा माणूस साधा आहे, याच्याकडून काही पाडलं जाणार नाही. तिचे डोळे भरून आले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, असे सगळ्यांचे चेहरे होते.

गोकुळदासांनी मोबाइल माझ्यासमोर मेजावर ठेवला. "आमचां घर मापूक इल्लो व्याही..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य काय असणार ते सगळ्यांना कळलं. गौरवीने पदर घट्ट धरला. साईशने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. चार वर्षं तिथे, त्या मेजापाशी, संपणार होती. आणि कुणामुळे, तर पाच की सहा हे बघायला गेलेल्या बापामुळे.

तेवढ्यात आतल्या दारातून गंगाबाई बोलल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता आणि त्या मुळीच घाईत नव्हत्या.

"आपल्याच चेडवाच्या चुलीवरसून खंयचो बापूस रस्तो व्हरतलो?"

गोकुळदासांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग गौरवीकडे. कुठला बाप स्वतःच्या लेकीच्या चुलीवरून रस्ता नेईल, हा हिशेब मी त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचू शकत होतो. हा माणूस परका राहिला तर घर जाईल. हा माणूस व्याही झाला तर रूळ वाकतील. कागदपत्रं हातात घेतलेल्या बायका आता गौरवीकडे वेगळ्याच मायेने बघत होत्या.

मी हात जोडून म्हणालो की बाबांनो, ऐका, रस्ता नाही, रूळ नाहीत, कुठेच काही येत नाहीये, हे लग्न झालं काय आणि न झालं काय! सत्यवतीने माझ्या पायावर पाय दिला. मी तरी बोलतच होतो. बाबुरावाने समजून मान डोलावली आणि शेजारच्याला म्हणाला, की सरकारी माणूस असोच बोलता, त्येका सांगूक बंदी असता.

गोकुळदास खाली बसले. त्यांनी गंगाबाईंना साखर आणायला सांगितली. पाच मिनिटांत पंचांग आलं आणि मे महिन्यातली तारीख निघाली. नात्यातल्या दुसऱ्या मुलीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. बाबुरावाने मला बाजूला घेऊन विचारलं, की रेषा परबांकडून सरकली तर ती गोठ्यावर तर येणार नाही ना, आणि आपला एक भाचा आहे, आम्हाला आणखी मुली आहेत काय. मी म्हणालो, गोठ्याला काही होणार नाही. एवढं तरी मला खात्रीने सांगता येत होतं.

गाडीत गौरवी मागे बसून रडत होती आणि हसत होती. सत्यवती अर्धा रस्ता गप्प होती. मग म्हणाली, "लग्न होईपर्यंत खरं बोलायचं नाही."

मी म्हणालो की मी खरंच बोलत होतो, तोच तर घोटाळा आहे. त्यावर तिने मला उरलेला अर्धा रस्ताही गप्प बसवलं.

लग्न थाटात झालं. पोरगी सुखात आहे. मी पहिल्या सणाला गेलो तेव्हा सगळं खरं सांगून मन हलकं करायचं ठरवलं होतं, पण गोकुळदासांनी माझ्या गाडीत काजूबियांची पिशवी ठेवली, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी कृतज्ञता होती की माझी जीभ रेटेना. वर्ष झालं. कोरगावात रस्ता आला नाही, रूळ आले नाहीत. सगळी वाडी निर्धास्त आहे.

आणि गेल्या महिन्यात तिथल्या देवळाच्या वर्धापनदिनाला वाडीने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मागे नावाचा फलक. मला वाटलं, आता हे फार झालं, आता सांगायलाच हवं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत, स्पष्ट शब्दांत सांगितलं, की या वाडीवरून काही जाऊ नये म्हणून मी काडीचंही काही केलेलं नाही.

टाळ्या थांबेचनात! पहिल्या रांगेत सत्यवतीही जोरजोरात वाजवत होती.