थंड कोपरा

राऊतकाकांच्या मते उकळता चहासुद्धा थंड असतो. एप्रिलच्या दुपारी आमच्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत असायचो आणि काका बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालून स्टुलावर बसलेले असायचे. चहा आला की पिशवीतून पिस्तुलासारखं तापमापक काढायचे, कपावर रोखायचे आणि आकडा वाचायचे.

"एकोणऐंशी. थंड."

मग फुंकर न मारता पिऊन टाकायचे. कोणी हसलं तर शांतपणे सांगायचे, "दोन हजार अंशांच्या खाली सगळं थंडच."

हे तापमापक त्यांनी वडापाववर रोखलेलं मी पाहिलं आहे. रिक्षाच्या सीटवर, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर आणि एकदा माझ्या आईच्या कपाळावर रोखलेलंही पाहिलं आहे. आई रागावली नाही, पण त्या दिवसापासून काका आले की ती पदर जरा पुढे ओढून घ्यायची.

आमचं वर्कशॉप म्हणजे विरार पूर्वेला मनवेलपाड्यात पप्पांचं ग्रिल-दरवाजांचं दुकान. पप्पा मंडणगडकडून आले, सातवीपर्यंत शिकलेले. घरात जागा कमी म्हणून मी कॉलेजचा अभ्यास दुकानाच्या मागच्या टेबलावर करते. काका राहतात तिकडे भुईगावला, समुद्राजवळ, वडिलोपार्जित केळीच्या वाडीत, एकटे. तिथून इतक्या लांब ते पहिल्यांदा आले ते वाडीचं फाटक दुरुस्त करून घ्यायला, कारण वसईतल्या चार वेल्डरांनी त्यांच्यापुढे हात जोडले होते. फाटकाचा प्रत्येक सांधा जोडून झाला की ते त्यावर तापमापक रोखून विचारत, "उष्णता सगळीकडे सारखी गेली का?" पप्पांनी हात जोडले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं आणि विचारलं, "काका, तुम्ही आधी काय करायचा?"

काका म्हणाले, "एक सेकंद जगणाऱ्यांना बाहेर काढायचो."

पप्पांना वाटलं, अग्निशमन दल.

तेवढ्यात काकांना माझ्या टेबलावरचं अणुभौतिकीचं पुस्तक दिसलं. पुढचा अर्धा तास ते फाटक विसरले.

मला त्यातलं जे समजलं ते असं. काका देशाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे वेगवान कणांचा झोत एका लक्ष्यावर मारतात. लक्ष्य म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांची किंवा कार्बाइडच्या चकत्यांची चळत, टँटलम नावाच्या धातूच्या नळीत भरलेली. झोत आदळला की आत निसर्गात सहसा न सापडणारे अणू तयार होतात. ते किरणोत्सारी असतात आणि त्यांचं आयुष्य फार थोडं, काहींचं सेकंदभर, काहींचं त्याहून कमी. तेवढ्या वेळात त्यांना चळतीतून बाहेर यायचं असतं, अरुंद नळीतून जायचं असतं, आयन व्हायचं असतं आणि पुढे धावायचं असतं. त्यासाठी सगळं दोन हजार अंशांना तापवून ठेवावं लागतं. ती नळी आणि तिच्या टोकाचा आयनस्रोत यांचे आराखडे काका करायचे.

आयन होणं म्हणजे काय, हे त्यांनी पप्पांना सांगितलं. "देवळात जाताना चप्पल बाहेर ठेवता ना? तसं अणूनं तापलेल्या भिंतीपाशी एक इलेक्ट्रॉन ठेवायचा. मग त्याला विजेचा ओढा लागतो. तोवर त्याला कोणी विचारत नाही."

आणि मग त्यांचा तो नेहमीचा शब्द आला, थंड. अणू बाहेर येताना हजारो वेळा भिंतींवर आपटतो. सगळ्या भिंती तापलेल्या असल्या तर तो आपटतो आणि सुटतो. पण एखादा कोपरा थंड राहिला, तर तो तिथेच चिकटतो. "सुटत नाही असं नाही, बाय. सुटतो. पण उशिरा. तोवर त्याचं आयुष्य संपलेलं असतं." तीस वर्षं काकांनी थंड कोपरे शोधले. निवृत्त झाल्यावर ते भुईगावला परतले आणि तीच नजर जगाकडे लावून बसले. कोणाच्याही घरी गेले की भिंतींवर तळवा फिरवत विचारायचे, "इथला थंड कोपरा कुठला?" लोकांना वाटायचं, काका पंखा मागताहेत.

जानेवारीत त्यांनीच मला त्या प्रयोगशाळेच्या उन्हाळी प्रशिक्षणाचा अर्ज भरायला लावला. दीड महिना तिथे राहून काम शिकायचं. माझी निवड होणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी घरी काही बोलले नाही. मार्चमध्ये निवड झाल्याचं पत्र आलं आणि मग बोलायचं धैर्य झालं नाही. आमच्या घरातलं कोणी शिकायला म्हणून एकटं बाहेरगावी गेलेलं नव्हतं. माझी आतेबहीण पुण्याला नोकरीला जायचं म्हणाली होती तेव्हा घरात आठवडाभर जेवताना कोणी बोलत नव्हतं, हे मला आठवत होतं. होकार कळवायची शेवटची तारीख एप्रिलअखेर होती. मी काकांना पत्र दाखवलं आणि घरी सांगू नका म्हणून शब्द घेतला.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "सांगणार नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तू चिकटलीयस."

पुढच्याच आठवड्यात ते एक आराखडा घेऊन पप्पांकडे आले. सुकेळी वाळवायची पेटी करायची होती.

सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी. पिकलेली केळी सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवायची, की ती मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. मग केळीच्याच खोडाच्या सुक्या सालीत, सोपटात, बांधून ठेवायची. वसईच्या वाड्यांमधून हे पिढ्यान्‌पिढ्या उन्हात होत आलं आहे. पप्पांनी साहजिकच विचारलं की बाहेर एवढं ऊन असताना पेटी कशाला. काका आकाशाकडे बघून म्हणाले, "सूर्य? स्रोत चांगला आहे. साडेपाच हजार अंश. पण फार लांब बसवलाय."

पहिली पेटी झाली. काकांनी आत वीस केळी ठेवली आणि पप्पा जेवायला गेले असताना, सवयीनं, बटण शेवटपर्यंत फिरवलं. पप्पा परत आले तेव्हा दुकानातून धूर येत होता आणि शेजारचा टायरवाला बादली घेऊन उभा होता. आत केळ्यांचे वीस कोळसे झाले होते. पप्पांचा चेहरा पडला. काकांनी मात्र एक कोळसा मोडला, उजेडात धरला आणि त्यांचे डोळे चमकले. "बघ बाय, किती सच्छिद्र. आम्हाला असं कार्बन करायला दोन वर्षं लागली होती." तो कोळसा त्यांनी रुमालात बांधून घरी नेला.

दुसरी पेटी कमी तापमानाची होती, पण मागच्या डाव्या कोपऱ्यात, बिजागरीपाशी, पाण्याचे थेंब साचायचे. केळ्यांतून निघालेली वाफ फिरून फिरून तिथेच बसायची. काकांनी तापमापक लावलं आणि खिन्नपणे म्हणाले, "हा बघा. मी म्हटलं नव्हतं?" पप्पांनी कोपरा पुन्हा जोडला. थेंब आले. आत पंखा बसवला. थेंब आले. चार दिवस ही दोन माणसं त्या एका कोपऱ्यापुढे उकिडवी बसलेली असायची आणि गिऱ्हाइकं ग्रिलचं काय झालं म्हणून विचारून परत जायची.

चौथ्या दिवशी पप्पांनी पातळ पत्र्याच्या तीन पट्ट्या कापल्या आणि त्या कोपऱ्याभोवती एकाबाहेर एक, एकमेकींना न चिकटवता बसवल्या. म्हणाले, "आतली गरमी बाहेर जायला बघते. तिला परत आत ढकलू." कोपरा कोरडा राहिला. काकांनी त्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला. मग त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला. "मिस्त्री, आमच्या नळीला आम्ही हेच केलं होतं. पण आम्हाला ते सुचायला चार महिने लागले."

पप्पांनी ते वाक्य नंतर टायरवाल्याला, दूधवाल्याला आणि गावी आपल्या चुलत्यांना फोनवर सांगितलं. मी हे का लिहिते आहे, तर पप्पांना इतकं ताठ बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

एक दिवस सोपटं साफ करायला मी भुईगावला गेले होते. पेटी तिथे ओसरीवर मांडली होती. मी विचारलं की काका, सुकेळ्यांचा एवढा ध्यास कशासाठी. ते सोपट ओलं करत म्हणाले, "आई पाठवायची. दरवर्षी, तिकडे, पार्सलनं." पत्र्याचा डबा, वर शिवलेलं फडकं, फडक्यावर शाईनं पत्ता. पार्सल पोचायला कधी पंधरा दिवस लागत, कधी महिना. डबा उघडला की आत पांढरी बुरशी. काका वरची बुरशी खरवडून, उरलेलं जे काही असेल ते खायचे. आणि आईला पत्र लिहायचे, सुकेळी उत्तम पोचली. त्या उत्तरानं खूश होऊन आई पुढच्या वर्षी जास्त पाठवायची.

"किती वर्षं?"

"ती होती तोवर," काका म्हणाले आणि पेटीवर तापमापक रोखून आकडा वाचू लागले.

एप्रिल संपायला पाच दिवस होते. काका दुकानात आले आणि म्हणाले की आता एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा. मापासाठी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलाखालून माझी कॉलेजची बॅग ओढली, टेपनं आतून मोजली आणि पप्पांना आकडे लिहून दिले. दोन दिवसांचा प्रवास आणि पुढे दीड महिना सुकेळी टिकली पाहिजेत, एवढं सांगून ते बस पकडायला निघून गेले.

पप्पांनी पत्रा कापायला घेतला आणि मध्येच थांबले. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला हाक मारून समोर बसवलं.

"काका भुईगाव सोडून कुठं जात नाहीत," ते म्हणाले. "डबा तुझ्या बॅगेच्या मापाचा आहे. कुठं जायचंय तुला?"

मी पत्र काढून दिलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मी वाचून मराठीत सांगितलं. पप्पांनी राहायची सोय विचारली, मुली किती असतील ते विचारलं. मग विचारलं, "काका जिथं होते तेच?" मी हो म्हटलं. ते उठले, चष्मा लावला आणि डब्याचा पहिला सांधा जोडायला घेतला. आईला त्यांनी कसं समजावलं ते मला माहीत नाही. तिनं मला फक्त एवढंच विचारलं की तिथे पाणी उकळून मिळतं का. होकार मी त्याच संध्याकाळी कळवला.

निघायच्या दिवशी काका स्टेशनवर आले नाहीत. आदल्या दिवशी डबा दुकानात ठेवून गेले होते. आत सोपटात बांधलेल्या सहा जुड्या होत्या आणि वर चिठ्ठी, "दर रविवारी एक उघड. जसं असेल तसं कळव."

पहिले तीन रविवार सुकेळी सुरेख निघाली. खोलीतल्या मुलींना मी एकेक दिलं आणि वसई कुठे आहे ते नकाशावर दाखवलं. चौथ्या रविवारी जुडी सोडली तर एका सुकेळ्यावर, एका टोकाला, पांढरा ठिपका होता.

मी खूप वेळ ते हातात धरून बसले. काकांनी दोन पेट्या करवल्या होत्या. पप्पांनी चार दिवस गिऱ्हाइकं परत पाठवली होती. एका ठिपक्याचं काय सांगायचं, असं मनात आलं. फोन लावला तेव्हा खरं म्हणजे मी 'सुकेळी उत्तम पोचली' असंच म्हणणार होते. ते शब्द ओठांवर आले आणि मग मला कळलं की ते कोणाचे आहेत.

"काका, एकाला बुरशी आलीय," मी म्हटलं. "डब्यात डाव्या कोपऱ्याला होतं ते."

मागे समुद्राचा आवाज येत होता, की फोनचाच होता, सांगता येत नाही. मला वाटलं, मी चुकले.

मग काका म्हणाले, "आईला हे सांगायला हवं होतं गं. हुशार होती ती. डबा बदलला असता, आणखी दोन दिवस वाळवली असती. काहीतरी करून नीट पोचवली असती तिनं. मी तिला तेवढंही करू दिलं नाही."

आणि लगेच त्यांनी विचारलं,

"डावा कोपरा म्हणालीस ना? झाकणाकडचा की तळाचा?"

"तळाचा."

"थांब जरा, मिस्त्री इथेच बसलेत," ते म्हणाले, आणि मला पप्पांचा आवाज आला. दुकान बंद असतं म्हणून रविवारी ते भुईगावला जाऊ लागले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दोघांचं तळाच्या सांध्यावरून काहीतरी बोलणं सुरू झालं. फोन बहुतेक ओसरीवरच कुठेतरी ठेवलेला होता. मी तो बंद केला नाही, ऐकत राहिले.