सरकार जाग्यावर हाय

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. लिहिताना चुका होतील, आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. तेवढं सांभाळून घ्या. पण गणपतमामांबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं.

सेलूत आमच्या गल्लीत रेडिओ एकच, शेजारच्या गणपतमामांचा. सकाळच्या बातम्या लागल्या की ते पहिली दोन-चार वाक्यं कान लावून ऐकायचे. मग खटकन बटण बंद करायचे आणि ओट्यावरून ओरडायचे, "सरकार जाग्यावर हाय!"

"मामा, आता गाणी तरी लावा की," बाया म्हणायच्या.

"गान्यानं सेल उतरतेत. सरकार कळलं, बास झालं."

दुसरी खोड पैशाची. नाणं हातात आलं की उंबऱ्यावर आपटून आवाज ऐकणार, नोट असली तर उन्हात धरणार आणि विचारणार, "कोन्या सरकारची हाय?"

दुकानदार वैतागायचा. "मामा, सरकार एकच हाय की हो!"

"आज हाय," मामा म्हणायचे.

मामी आजारी होत्या तेव्हा औषधाला मी मामांना पन्नास रुपये दिले होते. गोधड्या शिवून साठवलेले, माझे स्वतःचे. मामी काही वाचल्या नाहीत. मामांनी जमेल तसे पंधरा परत केले. पस्तीस राहिले. मला मागायचा धीर कधी झाला नाही. मामा समोर दिसले की मीच पदर ओढून आत जायची, जणू पैसे मीच बुडवलेत.

सत्त्याहत्तर साली निवडणुकीचा निकाल लागला त्या सकाळी मामा ओरडले नाहीत. रेडिओही बंद केला नाही. गल्लीनं पहिल्यांदाच पुऱ्या बातम्या ऐकल्या. सरकार पडलं होतं. दिल्लीच्या पंतप्रधान बाई स्वतःसुद्धा पडल्या होत्या.

हसावं का रडावं कुणाला कळेना. काल-परवापर्यंत बाईंच्या पक्षाचा गाय-वासराचा बिल्ला लावून फिरणारा जिनिंगमधला कारकून पेढे वाटत आला. समोरच्या काकूंनी पेढा खाल्ला आणि डोळ्याला पदर लावला. आमचे मालक म्हणाले, "चांगलं झालं." मग जोडे घालता घालता मलाच विचारलं, "झालं ना?" मला काय ठाऊक!

तेवढ्यात मामा रेडिओ बगलेत मारून तरातरा निघून गेले. नेमकं आता नवा पंतप्रधान कोण, हे ऐकायची वेळ, आणि गल्लीत रेडिओच नाही. एक जण एक नाव सांगे, दुसरा दुसरं. काकू म्हणाल्या, "बाईच येतेल बघा माघारी. जातेत कुटं?"

दुपारी मामा माझ्या दारात आले. बगल रिकामी.

"झरीच्या मास्तरला इकला रेडिव. हे घे तुजे पैसे. आजच बदलून आन."

"बदलून?"

"राज बदललं, माय. आता नोटा बी बदलतेत."

मी दाराआडूनच म्हटलं, "मामा, सरकार गेलं म्हणून नोटा कुठं जातात?"

मामा उंबऱ्यावर बसले. "तिलाबी मी हेच सांगितलो होतो."

मला कळेना.

"निजामाच्या राजात त्याच्याच नोटा चालायच्या, हाली नोटा. तुज्या मामीनं उशीत शिवून ठिवल्या होत्या. राज गेल्यावर म्हनली, परभनीला जाऊन बदलून आना. मी रोज म्हनायचो, नोटा कुटं जातेत, उद्या जातो. मुदत निघून गेली. निस्ता कागद झाला."

"मामी रागावल्या असतील."

"कुटं? तीबी तुज्यावानीच. शेवटपतोर एक शब्द बोलली न्हाई." मामा उंबऱ्यावरून हात फिरवत राहिले. "भांडली असती तर बरं झालं असतं."

नोटा बदलणार नाहीत हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "आजच बदलून आणते, मामा."

"आदी मोज. मोठ्यानं मोज."

मी दाराआडून बाहेर आले. त्यांच्यासमोर बसले आणि गल्लीला ऐकू जाईल असं एकेक नोट मोजली. पस्तीस भरले.

"फिटले?" त्यांनी विचारलं.

"फिटले, मामा. सगळे."