मधल्या चोराच्या लेकराची मोहीम

श्रीकृपेकरून मूल परगणियात शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आषाढमासी, ऐन धानाच्या रोवणीत जे रण माजले त्याची हकिकत लिहिणे प्राप्त जाहले. लोक मीठमसाला लावून सांगतात, ते आम्हांस खपत नाही. सबब घडले तैसेच लिहितो.

बांधावर बसून रोवणाऱ्या बायांस गोष्टी सांगाव्या, हा मातोश्री गुणाबाईसाहेब यांचा चाळीस वर्षांचा वतनी हक्क. त्यांनी आकाशीच्या सप्तर्षींच्या सात चांदण्यांची गोष्ट काढिली, की चार चांदण्या म्हणजे म्हातारीचे खाटले, आणि मागील तिघे ते चोरून नेणारे चोर, आणि मधल्या चोराच्या खांद्यावर त्याचे इवलेसे लेकरू. तो शेताच्या धुऱ्यावरून त्यांचे दीर, निवृत्त मोजणीदार राजमान्य दादाजीभाऊ जात होते. भाऊंनी साखळीने तीन तालुके मोजलेले, आकडा म्हणजे त्यांस वेदवाक्य. त्यांनी धानाच्या भर बांधीत फर्मान सोडिले की चांदण्या सातच, लेकरूबिकरू काही नाही, वहिनीने ते मनचे लाविले. बाया हसल्या. काय म्हणावे! बाईसाहेबांच्या वर्मी घाव बसला आणि त्यांनी तोंडास कुलूप घातले. वर पाहून निवाडा करावा तर आभाळ गच्च, आणि बाईसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मग बाईसाहेब मूल शहरी रहीमभाई शिलाईवाले यांजकडे ब्लाउजाचे निमित्त करून गेल्या आणि मनीचे दुःख बोलिल्या. ते रहीमभाईंची कन्या इकरा, कॉलेजात विज्ञान शिकविणारी, हिने ऐकिले आणि अर्ज केला की, जगभरच्या थोर दुर्बिणींनी काढलेल्या आकाशाच्या तसबिरी दफ्तरखान्यांत जमा आहेत आणि ते दफ्तर धुंडून तसबीर डोळ्यांपुढे मांडणारे सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपात आहे. ढगांची त्यास पर्वा नाही. तेव्हां भाऊंस बोलावून करार ठरला की लेकरू न सापडल्यास बाईसाहेबांनी गोष्टी कायमच्या सोडाव्या, आणि सापडल्यास भाऊंनी बांधावर येऊन कबुली द्यावी.

आषाढ वद्य पंचमीस भर दुपारी शिलाई मशीन बाजूस सारून लॅपटॉप मांडिला. सॉफ्टवेअराने जागेचे आकडे मागितले. भाऊ पुढे सरसावले आणि मोबाइलातून आपल्या बांधीचे अक्षांश-रेखांश काढून हुकूम केला की हेच भरावे, कारण खाटले आमच्याच बांधीवर उगवते, लहानपणापासून पाहतो. इकराने परोपरी विनविले. पण मोजणीदारास जागा कोण शिकवील? आकडे भरिले आणि भलत्याच मुलुखाची तसबीर आली, चांदण्या राईसारख्या विखुरलेल्या, ना खाटले ना चोर. भाऊंनी मिशीवर हात फिरवून आपली फत्ते जाहीर केली. असा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. तो पाहून इकराने भाऊंस ठणकावून समजाविले की आकाशाची मोजणी निराळी, तेथे आपल्या वावराचे आकडे चालत नाहीत. आणि मधल्या चोराचे इंग्रजी नाव घालून दफ्तर पुन्हा धुंडिले. पहिली तसबीर आली ती नुसता उजेडाचा गोळा. मग तिने कमी उजेडाची दुसरी निवडिली आणि ती हळूहळू मोठी केली.

बाईसाहेबांस पडद्यावर काहीच दिसेना. त्यांनी इकरास विचारिले नाही, रहीमभाईंस विचारिले नाही, दिराकडे तोंड करून म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा. तुमचे डोळे चांगले हायेत."

येथे भाऊ खोटे बोलते तर बाईसाहेबांस काय कळते? परंतु मोजणीदाराने चष्मा पुसला, दोनदा पाहिले, आणि घसा साफ करून म्हणाले, "हाय वहिनी. लेकरू हाय."

इकराने आणखी मोठे केले. तो मधला चोरही एकटा निघाला नाही, त्यास अगदी चिकटून दुसरी चांदणी निघाली, आणि भाऊ चक्रावून तेही सांगते जाहले.

बाईसाहेब पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मंग ते त्या लेकराची माय होय. मले वाटतच होतं, एवढंसं लेकरू घेऊन बाप एकटा कायले जाईन चोरीले?"

षष्ठीस भाऊंनी गुडघाभर चिखलात उभे राहून सर्व बायांसमक्ष चूक कबूल केली, कोणी हसले नाही, आणि बाईसाहेबांनी गोष्ट होती तेथून पुढे चालविली. येणेप्रमाणे मौजेमजकुरी मधला चोर सहकुटुंब कायम जाहला. तक्रार शिल्लक नाही.