व्याह्यांचा राहून गेलेला बाप्तिस्मा

चिमणीला सहावा महिना लागला तरी तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आणि तो कधी व्हावा यावरून घरात दोन पक्ष पडले होते. तिच्या आईचं माहेर तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चचं. सासर मात्र, माणसानं आधी मोठं व्हावं, स्वतःच्या तोंडानं 'माझा विश्वास आहे' म्हणावं आणि मग टाकीत पुरतं बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं मानणारं. लग्न ठरताना हा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नाही, कारण तेव्हा चिमणी नव्हती.

चिमणीचे आजोबा जन्मभर नळकाम केलेले. त्यांच्या चर्चचे ते पंच होते आणि बाप्तिस्म्याच्या टाकीचा कारभारही त्यांच्याकडेच होता. पाणी भरणं, शेवाळ घासणं, व्हॉल्व्ह बदलणं, सगळं तेच करत. त्यांच्या विहीणबाई, म्हणजे चिमणीची आईकडची आजी, शिवणकाम करायच्या. रोज सकाळी शास्त्राचा एक अध्याय वाचल्याशिवाय चहा घ्यायचा नाही हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. नातीच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा त्यांनी ती दीड महिन्याची असतानाच शिवून ठेवला होता. ती वाढली तसा दोनदा उसवून मोठा केला.

"आता आत दाबलेलं कापड संपलं," त्या लेकीला म्हणाल्या. "यापुढे तुझ्या सासऱ्यांनी हो म्हणावं, नाहीतर चिमणीनं वाढायचं थांबावं."

लेकीची इच्छा साधी होती. बाळाचा बाप्तिस्मा व्हावा आणि सासऱ्यांनी तिथे राजीखुशीनं यावं. त्यांना डावलून काही करायला ती तयार नव्हती. नवऱ्याला विचारलं की तो म्हणे, "बाबांना विचार." बाबांना विचारलं की ते चिमणीला मांडीवर घेत आणि म्हणत, "विचार हिला. ही हो म्हणाली की मी आजच पाणी भरतो." चिमणी त्यांची बोटं चोखत बसे.

विहीणबाई दर गुरुवारी आपल्या चर्चमधल्या वेदीची वस्त्रं दुरुस्त करायला जात. एका गुरुवारी त्यांनी तिथल्या कारकुनाला व्याह्यांच्या घराण्याची काही नोंद आहे का, असं सहज विचारलं, तर त्यानं व्याह्यांचं आडनाव ऐकून कपाटातली जुनी नोंदवही काढली. तासाभरात विहीणबाई दारात हजर.

"व्याही, तुम्ही आमचेच आहात."

"म्हणजे?"

"अकरा दिवसांचे असताना तुमचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झालाय. वडिलांचं नाव, आईचं नाव, वडिलांचा धंदा नळदुरुस्ती. नक्कल आणलीय." त्यांनी कागद टेबलावर ठेवून वर चष्म्याची डबी ठेवली, उडायला नको म्हणून.

व्याही हसले. "असेल. आईनं केला असेल. पण तो धरत नाही, विहीणबाई. मला काय कळत होतं तेव्हा? माझा खरा बाप्तिस्मा बाविसाव्या वर्षी, टाकीत."

"बरं. कुणी दिला?"

"तेव्हाच्या पाळकांनी."

"डोक्यावर हात ठेवून काय म्हणाले?"

व्याह्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला. मग खुर्चीत बसले. सूनबाईनं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

"काय झालं बाबा?"

"आठवतोय," ते म्हणाले. आणि आठवत आठवत त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी रांगेत सहा जण होते, व्याह्यांचा नंबर दुसरा. पहिले बेकरीवाले, अंगानं भरभक्कम. ते बुडून वर आले आणि त्यांच्या पायानं टाकीच्या तळाचं बूच निघालं. पाणी भसाभसा खाली चाललं, तळघरात गाद्या होत्या. पाळक नुसते बघत उभे. व्याही पांढऱ्या झग्यासकट आत उतरले, तीनदा बुडी मारली, बूच बसवलं. तोवर पाणी घोट्याला आलेलं. ते नखशिखांत भिजून बाहेर आले तेव्हा मागच्या लोकांनी गाणं सुरू केलं, कुणी शाल पांघरवली, कुणी मिठी मारली. उरलेल्या चौघांचा पुढच्या महिन्यात झाला. व्याह्यांचा झालाच, असं सगळ्यांनी धरलं. व्याह्यांनीही.

"अहो, पण पाण्यातून वर आल्यावर काही म्हणाला असाल ना?" विहीणबाईंनी जरा मऊ आवाजात विचारलं.

"म्हणालो."

"काय?"

"बारा नंबरचा पाना द्या."

कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण तो खोकल्यासाठी असेल.

व्याही खोटेपणा सहन करणाऱ्यांतले नव्हते. संध्याकाळीच ते आपल्या पाळकांकडे गेले. पाळक तरुण, त्यांच्याच डोळ्यांसमोर वाढलेला. तो म्हणाला, "काका, चव्वेचाळीस वर्षं झाली. देवानं समजून घेतलं असेल."

"देवाचं मला ठाऊक आहे. नोंदवहीचं काय?"

मग पंचांची सभा भरली. सभेत आधी सगळे व्याह्यांची समजूत घालत होते. पण एकानं हळूच विचारलं, "बाप्तिस्मा नसलेला माणूस पंच होत नाही, हा नियम आहे ना आपला?" नियम व्याह्यांनीच सुचवलेला होता. दुसरा म्हणाला, "मग यांनी सह्या केलेले ठराव? नवीन छत यांच्या एका मतानं मंजूर झालंय." सगळ्यांनी वर पाहिलं.

"छत राहू दे," पाळक घाईनं म्हणाला.

शेवटी बेकरीवाल्यांचा मुलगा, तोही पंच, व्याह्यांनी आणलेली नक्कल वाचत म्हणाला, "एक सोपा मार्ग आहे. काकांचा अकरा दिवसांचे असतानाचा बाप्तिस्मा आहेच की. तो धरला की छत, सह्या, सगळं सुटतं."

जे अर्धं शतक चुकीचं म्हणून सांगितलं, ते आता छतासाठी बरोबर म्हणायचं होतं. सगळे व्याह्यांकडे बघत राहिले.

"नाही," व्याही म्हणाले. "तो धरला तर मी इतकी वर्षं लोकांना काय शिकवलं? आणि धरला नाही, तर इतकी वर्षं मी कुणाच्या जोरावर उभा होतो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं: रविवारी मला टाकीत उतरवा. दुसरा प्रश्न तसाच घरी घेऊन आले.

शनिवारी त्यांनी स्वतःच टाकी घासली, स्वतःच पाणी भरलं, बूच चार वेळा ओढून पाहिलं. रविवारी सूनबाई, चिमणी आणि विहीणबाई पहिल्या बाकावर बसल्या. सहासष्ट वर्षांचा तो माणूस पाण्यात उभा राहिला. पाळकानं विचारलं तेव्हा "माझा विश्वास आहे" हे शब्द इतक्या हळू बोलला की मागच्यांना ऐकू आले नाहीत. मग बुडाला आणि वर आला. डोळे मिटलेले, ओठ थरथरत होते. पान्याचं नाव निघालं नाही. विहीणबाईंच्या हातातला रुमाल पार ओला झाला.

घरी आल्यावर व्याही केस पुसत सूनबाईसमोर येऊन बसले. "सूनबाई, चिमणीचं उरकून घे. तुझ्या आईच्या चर्चमध्ये."

सूनबाईच्या हातातली वाटी थांबली. "बाबा, मनापासून म्हणताय?"

"मनापासून. चव्वेचाळीस वर्षं मी प्रार्थना केल्या, लोकांचे संसार सांधले, त्या कशावर? माझ्या आईनं माझ्यासाठी मागितलेल्या चार थेंबांवर. मला कळत नव्हतं, तिला कळत होतं. तेवढ्यानं माझं भागलं की."

सूनबाईनं आईकडे पाहिलं. आई झगा मांडीवर घेऊन त्याची घडी घालत होत्या.

"नको," विहीणबाई म्हणाल्या.

"आई?"

"नको म्हणते. पाण्यातून वर आले तेव्हा यांचा चेहरा पाहिलास? तसं काही माझ्या आठवणीत नाही. माझ्या नातीला आठवायला हवं. मोठी होऊ दे तिला."

"अहो विहीणबाई, तिला काय कळतंय, आईबापांचा विश्वास पुरतो."

"पुरत नाही, व्याही. स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. तुम्हीच सांगायचात."

"तेव्हा माझा झाला नव्हता."

नवरा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. सूनबाईनं चिमणीला त्याच्या हातात दिलं आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही येणार ना?"

"पहिल्या बाकावर."

"मग झालं. आई, तू आज त्यांचं ऐकलंस, ते तुझं ऐकतायत. मी दोघांचं ऐकून दमलेय. येत्या रविवारी नऊ वाजता."

रविवारी नऊ वाजता विहीणबाईंच्या चर्चमध्ये चिमणीच्या कपाळावर पाणी पडलं. ती रडली नाही. साक्षीदार म्हणून आजोबा उभे राहिले आणि पाळकांच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी खणखणीत उत्तर दिलं. नंतर अंगणात चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना छेडलंच, "काय हो, मग हा धरायचा की नाही?"

"चिमणीला विचारा, मोठी झाली की," ते म्हणाले. "मी माझ्यापुरता धरलाय."

विहीणबाई कप हातात घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग इकडेतिकडे बघून, आपल्या चर्चचं कुणी जवळ नाही याची खात्री करून, त्यांनी विचारलं, "व्याही, टाकीतलं पाणी फार गार असतं का?"