बोर्डापुढं कांद्याची गोणी

अपील कसं करायचं ते मला विचारा! पंचवटीतल्या झाडून साऱ्या माजी सैनिकांना मी हे ऐकवून ठेवलं होतं. लेहच्या रस्त्यावर आमचा ट्रक उलटला, तेव्हापासून माझी मान आणि पाठीचा कणा माझं ऐकत नाहीत. मेडिकल बोर्डानं मात्र अपंगत्व ठरवलं पंधरा टक्के! विसाच्या खाली त्याची पेन्शन नाही. पेन्शनचंही सोडा हो, पण 'एवढं काही झालेलं नाही' हे वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती.

अपिलाच्या सकाळी मी गळ्यात पट्टा बांधून तयार.

"दुखतं तेवढंच सांगा," बायकोनं, उज्वलानं बजावलं. "उगाच मर्दुमकी दाखवू नका!"

तेवढ्यात विंचूरहून आई आली. बरोबर कांद्याची अर्धी गोणी!

"हे कशाला?"

"डाक्टरांना. रिकाम्या हातानं जातं का कोणी?"

"आई, तो बोर्ड आहे! सोयरे नाहीत!"

"मंग काय झालं? त्यांच्या घरी कांदा लागत नाय? चल!"

रिक्षावाल्यानं लष्करी दवाखान्याच्या गेटवरच उतरवलं. आत जायची वाट लांबलचक. आई वाकली आणि गोणी डोक्यावर घ्यायला लागली. आता तुम्हीच सांगा, म्हातारी आई ओझं वाहतेय आणि मुलगा मागून हात हलवत चाललाय, हे गेटवरच्या जवानांनी बघायचं? "दे इकडं!" म्हणत मी गोणी खांद्यावर टाकली.

"असा पायजे गडी!" आई खूश.

व्हरांड्यात वळलो तर समोर बोर्डाचे कर्नलसाहेब! त्यांनी आधी पट्टा बघितला, मग गोणी, मग आईच्या हातातली माझ्या नावाची अपिलाची फाईल.

"सोमा, इसी गर्दन की अपील है?"

साहेब दिसले की टाचेला टाच आपोआप जुळते. जुळली! मान ताठ झाली आणि 'कट्' असा आवाज आला. त्यानंतर मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

"सायेब, लय दणकट हाय माझा पोरगा!" आई अभिमानानं सांगू लागली. "दोन दोन गोण्या उचलतो!"

"आई, गप गं!" मी पंख्याला म्हणालो.

"नाटक बंद करो. नीचे देखो."

"नहीं होता, सर!"

दोन जवानांनी गोणी उतरवली. मान काही उतरली नाही. मग स्ट्रेचर आलं, मणक्यांचे नवे फोटो निघाले. साहेबांनी ते उजेडाकडं धरून दोनदा बघितले.

"इतने साल इसी के साथ घूम रहे थे?" ते हळूच म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळं नव्हे.

चाळीस टक्के मिळाले! साहेबांनी गोणी मात्र हात जोडून परत केली. आईनं जाताना ती जवानांच्या मेसमध्ये देऊन टाकली.

आता ती विंचूरभर सांगत फिरते, "कांदा नेला म्हणून काम झालं. हा तर रिकामाच चालला होता!"

ते ऐकून उज्वला कपाळावर हात मारते. मीही मान हलवून 'नाही' म्हणायला बघतो, पण ती हलत नाही. आणि खरं सांगू का, म्हातारीचं चुकलंय तरी कुठं?