मोघेकाकांची कॅप

मोघेकाका आमच्याकडे आले की आधी खुर्ची हलवून बघतात, मग बसतात. कपाचा कान ओढून बघतात, मग चहा पितात. फरीदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात त्यांनी उभा जन्म पार्ट तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर पार्ट संपले आणि आम्ही शेजारी सापडलो. "लोड दिल्याशिवाय पास करायचं नाही," हे त्यांचं ब्रीद. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी भरलेली बादली घेऊन दोन जिने चढायला लावले होते. मुलगा पास झाला, ते सोडा.

तर अशा माणसाच्या तोंडात एक नवा पार्ट बसला.

त्यांची सून सिमरन दातांची डॉक्टर. पंजाबी मुलगी, पण काकांशी हट्टानं मराठीत बोलणारी. आमच्या भागात नवी सेक्टरं वसली, काचेच्या इमारती उठल्या, तेव्हा तिनंही मार्केटात दवाखाना थाटला. काकांची एक दाढ पडली होती. तिथं तिनं जबड्यात स्क्रू बसवला आणि वर सिरॅमिकची कॅप. स्वतःच्या दवाखान्यातली तिची ती पहिलीच.

"टिकेल किती?" काकांनी विचारलं.

"नीट वापरली तर खूप वर्षं, बाबा. पण यात नस नाही हां. कितीही जोर लावला तरी दुखणार नाही, तुम्हाला कळणारच नाही. इसलिए संभाल के. सुपारी तर बिल्कुल नाही."

काकांनी त्यातलं फक्त सुपारी ऐकलं. इथल्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, हे मधोमध उभे राहून त्याच बाजूनं सुपारी, अक्रोड, ऊस फोडणार आणि वर सगळ्यांना आ करून दाखवणार. त्या उघड्या तोंडापायी माझी श्रीखंडावरची वासना कायमची उडाली आहे. मला वाटायचं, म्हातारा नुसता शायनिंग मारतोय.

यंदा संक्रांतीला आमच्या हिच्या वड्यांचा पाक जरा पुढे गेला. वडीनं खिळा ठोकता आला असता. मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला नाईकबाई आल्या होत्या. दात सिमरनकडून बसवावा की दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात जावं, याचा त्यांचा विचार कित्येक महिने चालू होता. काकांनी त्यांच्यासमोरच वडी उचलली आणि चावली.

कट्कन आवाज आला. हळदीकुंकवाचं तबक घेतलेली सिमरन पांढरीफटक पडली.

"बाबा, टूट गई?"

काका गालावर हात धरून उभे. डोळ्यांत पाणी. नाईकबाईंनी पर्स उचलली. दवाखाना आमच्या वडीनं बुडवला, या विचारानं मला खरोखर घाम फुटला.

"दुखतंय," काका म्हणाले. मग चेहरा उजळत गेला. "अगं सिमरन, दुखतंय. चांगली कळ येतेय."

आम्हाला काही समजेना. सिमरनला समजलं. तिनं तबक माझ्या हातात कोंबून त्यांच्या तोंडात पाहिलं. कॅप जशीच्या तशी होती. चिरली होती ती शेजारची, काकांची स्वतःची दाढ.

"आपला पार्ट पास," काका कण्हत म्हणाले. "गेला तो जुना माल." मला इतकं हायसं वाटलं की मी तशीच एक वडी तोंडात टाकली आणि हळूच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडीबद्दल माफी मागायला मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खुर्चीवर नाईकबाई नंबर लावून बसल्या होत्या, काका पलीकडे उभे होते.

"ही खुर्ची म्हणजे बाबांची जागा," सिमरन मला हळूच म्हणाली. "दवाखाना उघडल्यापासून रोज संध्याकाळी इथं पेपर घेऊन बसतात. काचेतून कुणी डोकावलं की गालावर हात ठेवतात. क्लिनिक रिकामं दिसू नये ना, म्हणून."

मग तिनं काकांना आत बोलावलं. आज ते खरेच पेशंट होते. गालावर हात धरून आत गेले, चष्मा काढला आणि तिच्या त्या मोठ्या खुर्चीवर बसले. बसण्याआधी त्यांनी ती हलवून पाहिली नाही.